घरातला एमसीबी वारंवार पडतो? बिघाड शोधण्याचा योग्य क्रम

एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह आला की आपोआप पडून वीज तोडणारा बोर्डातला ब्रेकर, पडला की वर करायचा, पुन्हा पडला की पुन्हा वर करायचा, आणि चार दिवसांनी कंटाळून वायरमनकडून १६ अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरचा बसवून घ्यायचा, असं असंख्य घरांत चालतं. मोठा एमसीबी बसवल्यावर पडणं थांबतं खरं, पण आता त्याच्याऐवजी भिंतीतली वायर तापू लागते आणि ते कोणालाच दिसत नाही. आरसीसीबीच्या, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या ब्रेकरच्या बाबतीत तर याहून वाईट घडतं. ‘हा उगाच त्रास देतो’ म्हणून तो काढून तिथे साधा आयसोलेटर (नुसता हाताने बंद-चालू करायचा स्विच) लावला जातो, आणि घरातल्या माणसांना शॉकपासून वाचवणारी वस्तूच बोर्डातून जाते.

ब्रेकर बहुतेक वेळा बरोबर असतो. कोणता पडला, केव्हा पडला, त्या वेळी काय चालू होतं आणि सगळं काढून ठेवल्यावरही पडतो का, हे प्रश्न याच क्रमाने विचारले तर बऱ्याच घरांत तासाभरात बिघाडाची खोली, आणि पुष्कळदा नेमकं उपकरणही सापडतं. पुढच्या सात टप्प्यांपैकी पहिले पाच घरचं कोणीही करू शकतं. सहावा आणि सातवा वायरमनचा आहे, पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे तुम्हाला माहीत असायला हवं.

## आधीची तयारी

जवळ ठेवा: टॉर्च, कागद-पेन, चिकटपट्टी आणि एक चांगला चालणारा टेबल लॅम्प. मल्टिमीटर असला तर उत्तम. पायात कोरडी रबरी चप्पल हवी, हात कोरडे हवेत. काम दिवसाउजेडी करा, कारण अर्धा वेळ घरात अंधार असणार आहे. संगणक आणि टीव्ही आधीच रीतसर बंद करून त्यांचे प्लग काढून ठेवा. वारंवार बंद-चालू होणाऱ्या पुरवठ्यात तेच आधी बिघडतात.

मग डीबीवरच्या (हे सगळे ब्रेकर बसवलेल्या मुख्य बोर्डावरच्या) प्रत्येक एमसीबीखाली चिकटपट्टी लावून तो कशाचा आहे ते लिहा. एकेक एमसीबी खाली करायचा आणि घरभर फिरून काय काय बंद झालं ते बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि जवळजवळ सगळे ते टाळतात. पण ‘हॉल’ लिहिलेल्या एमसीबीवर बाल्कनीचा दिवा आणि बाथरूमचा एक्झॉस्टही असतो, हे इथेच कळतं. पुढे उत्तर बरेचदा त्या बाल्कनीच्या दिव्यातच निघतं.

थांबा आणि थेट वायरमन बोलवा: डीबीतून जळका वास येत असेल, झाकण हाताला गरम लागत असेल, आतून चरचर ऐकू येत असेल, भिंतीचं पाणी बोर्डात झिरपत असेल किंवा नळाला, गिझरला, फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर यापुढचं काही करू नका. बोर्ड कोरडा असेल आणि तुम्ही कोरड्या जागी उभे असाल तरच मेन बंद करा. बोर्डातच पाणी असेल तर त्यालाही हात लावू नका.

## टप्पा १: नेमकं काय पडलं ते ओळखा

‘लाइट गेली’ एवढं पुरेसं नाही. डीबीत सहसा तीन प्रकारच्या वस्तू असतात.

एमसीबी एका बोटाच्या रुंदीचा असतो. त्यावर ‘सी १६’ किंवा ‘बी १०’ असं छापलेलं असतं. आकडा म्हणजे अँपिअर आणि अक्षर म्हणजे अचानक आलेल्या मोठ्या प्रवाहाला तो किती दाद देतो त्याची प्रत. बी प्रतीचा एमसीबी स्वतःच्या आकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहाला तत्क्षणी पडतो, सी प्रतीचा ५ ते १० पटीला. एमसीबी पडतो तो जास्त लोडमुळे किंवा शॉर्ट सर्किटमुळे. शॉकशी त्याचा संबंध नाही.

आरसीसीबी रुंद असतो, त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण आणि ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असा आकडा असतो. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरीतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या वायरीतून) तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपिअरची तफावत आली की तो ०.३ सेकंदांच्या आत पडलाच पाहिजे, आणि १५ मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो. किती लोड आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. जुने लोक यालाच ईएलसीबी म्हणतात.

आरसीबीओ या दोन्हींचं काम एकत्र करतो. त्यावर ‘सी १६’ही असतं आणि ‘टी’ बटणही.

हा फरक इतका महत्त्वाचा का? आरसीसीबी पडत असताना लोड कमी करून उपयोग नाही आणि एमसीबी पडत असताना लीकेज, म्हणजे जमिनीकडे होणारी गळती, शोधून उपयोग नाही. चुकीच्या बाजूने शोध सुरू झाला की वस्तू बदलत बसावं लागतं.

तपासा: पडलेल्या एमसीबीचा खटका काही बनावटींत पूर्ण खाली न जाता मध्येच थांबतो. तो आधी कट्ट आवाज येईपर्यंत खाली दाबा, मगच वर करा. तसं न करता वर ढकललं तर तो अडकत नाही आणि ‘खराब झालाय’ असा समज होतो. जास्त लोडमुळे पडला असेल तर आतली पट्टी थंड व्हायला दोन-तीन मिनिटं द्या.

एमसीबी आणि मेन दोन्ही एकाच वेळी पडले तर मेनमध्ये दोष आहे असं समजू नका. शॉर्टचा प्रवाह शेकडो अँपिअरचा असतो. तो दोघांतूनही जातो आणि दोघेही पडतात. दोष छोट्या एमसीबीच्या लाइनवर शोधा.

इशारा: वर केल्याक्षणी ‘फट्’ करून पडणारा एमसीबी दोनदापेक्षा जास्त वर करू नका. दर वेळी त्याचे संपर्कबिंदू जळतात आणि जिथे शॉर्ट आहे तिथे ठिणगी उडते. खटका चिकटपट्टीने वर बांधून ठेवल्यानेही काही होत नाही, आतली यंत्रणा खटक्याला न जुमानता सुटते.

## टप्पा २: केव्हा पडतो ते लिहून ठेवा

दोन-तीन दिवसांची नोंद पुरते. वेळ, हवामान, काय चालू होतं, आणि वर केल्यावर किती वेळ टिकला.

वर केल्याक्षणी पडणारा एमसीबी म्हणजे शॉर्ट. दहा-वीस मिनिटांनी पडणारा म्हणजे जास्त लोड किंवा सैल स्क्रू. मोटर सुरू होताना पडणारा म्हणजे मोटरचा सुरुवातीचा प्रवाह.

आरसीसीबी गिझर लावल्यावर काही मिनिटांनी पडत असेल तर गिझरची कॉइल संशयित आहे. फक्त पावसात पडत असेल तर बाहेरचा दिवा, गेटची बेल किंवा गच्चीवरचा पंप बघा. कोणी काही लावलेलं नसताना, अगदी रात्री झोपेतही, दर काही तासांनी पडत असेल तर फ्रॉस्ट-फ्री फ्रीजकडे लक्ष द्या. त्यातला बर्फ वितळवणारा हीटर ठरावीक काळाने आपोआप चालू होतो. दिवाळीच्या आसपास सुरू झालेला त्रास आकाशकंदिलाच्या होल्डरमध्ये शोधा. परतीच्या पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट त्यात उतरतं.

## टप्पा ३: एमसीबी पडत असेल तर लोड मोजा

वॅटला २३० ने भागा, अँपिअर मिळतात. उपकरणाच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. नेहमीचे आकडे साधारण असे:

- साठवणीचा गिझर २००० वॅट: ८.७ अँपिअर
- तीन लिटरचा इन्स्टंट गिझर ३००० वॅट: १३ अँपिअर
- इंडक्शन शेगडी २००० वॅट: ८.७ अँपिअर
- इलेक्ट्रिक किटली किंवा पाणी तापवायचा रॉड १५०० वॅट: ६.५ अँपिअर
- ओव्हन १२०० वॅट: ५.२ अँपिअर
- इस्त्री १००० वॅट: ४.३ अँपिअर
- मिक्सर ७५० वॅट: ३.३ अँपिअर
- दीड टनाचा एसी: ७ ते ८ अँपिअर
- पाणी तापवणारं वॉशिंग मशीन २००० वॅट: ८.७ अँपिअर

‘कधी पडतो, कधी पडत नाही’ ही तक्रार इथे सुटते. एमसीबी आपल्या आकड्याला लगेच पडत नाही. मानकाप्रमाणे आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर गेला तरी तो पडता कामा नये, आणि १.४५ पट गेला तर तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरला टिकतो आणि २३.२ अँपिअरला तासाच्या आत हमखास पडतो. मधला सगळा पट्टा अनिश्चित.

आता स्वयंपाकघर बघा. १६ अँपिअरच्या एका एमसीबीवर इंडक्शन, किटली आणि ओव्हन एकत्र चालले तर ८.७ + ६.५ + ५.२ म्हणजे २०.४ अँपिअर. हे बरोबर अनिश्चित पट्ट्यात येतं: थंडीत चालून जाईल, मेमध्ये पडेल. त्यात चटणीसाठी मिक्सर लावला की २३.७, आता पडण्याची शक्यता खूप वाढते, आणि तीही मिक्सरच्या क्षणी नाही तर काही वेळाने. मिक्सर मात्र तोवर बंद झालेला असतो, त्यामुळे दोष त्या वेळी चालू असलेल्या भलत्याच वस्तूवर जातो.

उन्हाळ्याचा मुद्दा खरा आहे. एमसीबीचा आकडा ३० अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो. विदर्भातल्या मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद पत्र्याच्या डीबीत तापमान याहून पुष्कळ वर जातं, आणि शेजारशेजारचे एसीचे दोन एमसीबी एकमेकांना तापवतात. अशा वेळी तो छापील आकड्याच्या आतही पडू शकतो. उपाय म्हणजे जास्त लोडचे एमसीबी शेजारी न ठेवता मध्ये कमी लोडचा किंवा रिकामी जागा ठेवणं. बोर्डाचं झाकण उघडं ठेवणं हा उपाय नाही.

मोठा एमसीबी का नको: एमसीबी वायरीसाठी असतो, उपकरणासाठी नाही. भिंतीत कोणती तांब्याची वायर आहे त्यावर आकडा ठरतो. वायरमनच्या भाषेत (‘अडीचची’ म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची):

- एकची किंवा दीडची वायर: ६ किंवा १० अँपिअर
- अडीचची वायर: १६, फार तर २० अँपिअर
- चारची वायर: २० किंवा २५ अँपिअर
- सहाची वायर: ३२ अँपिअर

एका पाइपात पाच-सहा वायरी कोंबल्या असतील तर यातला वरचा आकडा धरू नका. अडीचच्या वायरीवर ३२ चा एमसीबी लावला की २८ अँपिअर तासन् तास वाहत राहतात. वायरीचं आवरण कडक होतं, भेगाळतं, आणि दोन-तीन वर्षांनी त्याच भिंतीत शॉर्ट होतो. तेव्हा नुसता एमसीबी बदलून भागत नाही, भिंत फोडावी लागते.

योग्य उपाय असा: इंडक्शनसाठी डीबीपासून वेगळी अडीचची लाइन आणि तिचा स्वतःचा १६ चा एमसीबी. गिझर आणि एसी कधीच दुसऱ्या पॉइंटमधून काढू नयेत. इन्स्टंट गिझरला निदान अडीचची आणि लाइन लांबची असेल तर चारची वायर हवी.

मोटर असेल तर: अर्धा किंवा एक एचपीचा पंप सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सात पट प्रवाह खेचतो. बी प्रतीचा एमसीबी इथे उगाच पडतो. त्याच अँपिअरचा सी प्रतीचा लावा, आकडा वाढवू नका. पंप नुसता घूं-घूं आवाज करून फिरत नसेल आणि काही सेकंदांत एमसीबी पडत असेल तर आधी कपॅसिटर तपासून घ्या, फार वेळा दोष तिथेच असतो. व्होल्टेजही मोजा. २३० ला सहा टक्के कमी-जास्त, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट हवेत. गावाकडे उन्हाळ्यात ते १७०-१८० पर्यंत उतरतं, मोटर आणि एसीचा कॉम्प्रेसर अडकतो आणि एमसीबी पडतो. हा पुरवठ्याचा दोष आहे. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार करा.

## टप्पा ४: लोड कमी असूनही एमसीबी पडतो तेव्हा

त्या लाइनवरच्या सगळ्या वस्तूंचे प्लग ओढून काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. दिव्यांची, पंख्यांची बटणंही बंद करा. आता एमसीबी वर करा.

टिकला, तर एकेक बटण आणि एकेक प्लग लावत जा, प्रत्येकी मिनिटभर थांबून. ज्याच्यावर पडेल तोच दोषी. ती वस्तू दुसऱ्या खोलीत लावून खात्री करू नका, ती खराब धरून बाजूला ठेवा. इस्त्रीची वायर मुठीपाशी, मिक्सरची वायर बुडाशी आणि टेबल फॅनची वायर स्टँडपाशी सर्वांत आधी तुटते, कारण तिथेच ती रोज वाकते.

सगळं काढूनही पडला, तर दोष बटणांच्या बोर्डात, होल्डरमध्ये किंवा भिंतीतल्या वायरीत आहे. नुकतं भिंतीत काही ठोकलंय का ते आठवा. पडद्याची पट्टी, टीव्हीचा स्टँड, किचनची ट्रॉली, आरओ. वायरीचे पाइप बोर्डातून सरळ वर किंवा सरळ खाली जातात, आणि नेमका त्याच रेषेत ड्रिल केलेला खिळा कित्येकदा सापडतो. असा खिळा स्वतः उपटू नका. एमसीबी खालीच ठेवा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि वायरमनला ती जागा दाखवा.

तपासा: लोड मोजून कमी आहे, शॉर्ट नाही, तरीही पंधरा-वीस मिनिटांनी पडतो? मग एमसीबीच्या खालचा किंवा वरचा स्क्रू सैल असण्याची दाट शक्यता आहे. सैल जोडणी तापते, ती उष्णता एमसीबीच्या आतल्या पट्टीला पोहोचते आणि तो कमी लोडलाही पडतो. त्या पॉइंटवरचा प्लग काढल्याबरोबर त्याच्या पिना बघा. पितळ काळपट झालंय, प्लॅस्टिक पिवळट होऊन पिनेभोवती किंचित वितळलंय, असं दिसलं तर सॉकेटमधली पकड सैल झाली आहे. सॉकेट आणि प्लग टॉप दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना दुसऱ्यालाही खराब करतो. मोठ्या पिनेचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवणारे कन्व्हर्टर घरातून काढूनच टाका.

## टप्पा ५: आरसीसीबी पडत असेल तर

सर्वांत जास्त घोळ याच टप्प्यावर होतो, तेव्हा इथे घाई करू नका.

५ अ. पुरवठा चालू असताना ‘टी’ बटण दाबा. आरसीसीबी पडला तर त्याची यंत्रणा जिवंत आहे. पडला नाही तर तो निकामी आहे, आजच बदलून घ्या. निर्दोष आरसीसीबीसुद्धा वर्षानुवर्षं हलला नाही की जाम होतो, म्हणून हे बटण महिन्यातून एकदा दाबायची सवय ठेवा.

५ ब. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. टिकला तर एकेक एमसीबी वर करा, त्या खोलीतली उपकरणं चालू करून दोन मिनिटं थांबा. ज्या एमसीबीवर पडेल ती लाइन कागदावर लिहा.

५ क. त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा आणि पुन्हा एकेक लावा. इथेही प्लगच काढायचा, कारण आपल्याकडची बटणं फक्त फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि उपकरणात न्यूट्रल अर्थिंगला चिकटलेला असेल तर बटण बंद असतानाही आरसीसीबी पडतो. ‘गिझर तर बंदच होता’ हे म्हणणं म्हणूनच पुरावा ठरत नाही. गिझरला प्लग नसून थेट वायर जोडलेली असेल तर ती वायरमनकडून सोडवून घ्यावी लागते.

नेहमीचे दोषी: गिझरची कॉइल, वॉशिंग मशीन, फ्रीज, कूलरचा पंप, पाण्यातला रॉड, जुनी इस्त्री. बोअरचं जड पाणी असलेल्या भागात गिझरच्या कॉइलवर पांढरा जाड थर चढतो, कॉइल आतून जास्त तापते आणि तिच्या नळीला बारीक चीर जाते. थंड असताना ती ठीक वाटते, तापल्यावर गळती सुरू होते. म्हणून आरसीसीबी गिझर लावल्याबरोबर न पडता काही मिनिटांनी पडतो. कॉइल बदलण्याआधी गिझरच्या खालच्या झाकणाकडे एकदा बघा. तिथे पाण्याचे थेंब किंवा गंजाचा ओघळ असेल तर गॅस्केट गळतंय आणि पाणी थर्मोस्टॅटच्या जोडणीवर पडतंय. नुसती कॉइल बदलून तो त्रास जाणार नाही.

मोठा इशारा: प्लगची तिसरी पिन काढली किंवा अर्थिंगची वायर सोडवली की आरसीसीबी पडायचा थांबतो. हा ‘उपाय’ सर्रास केला जातो आणि तो जीवघेणा आहे. गळती थांबलेली नसते, फक्त तिची जमिनीकडे जायची वाट बंद झालेली असते. आता गिझरच्या पत्र्यावर वीज उभी असते आणि ओल्या पायाने नळाला हात लावणारा माणूस ती वाट बनतो. कोणी वायरमनने हे केलं असेल तर ते ताबडतोब पूर्ववत करून घ्या.

५ ड. दोष एका खोलीत, पडतो दुसऱ्या खोलीमुळे. समजा कोणतीही चांगली, नवी वस्तू लावली तरी आरसीसीबी पडतो, आणि वस्तू जितकी मोठ्या वॅटची तितका हमखास पडतो. अशा वेळी कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला टेकलेला असतो. घरांत सहसा एका खांबाचे एमसीबी असतात, ते न्यूट्रल तोडत नाहीत. त्यामुळे बाल्कनीच्या ओल्या होल्डरमधला न्यूट्रलचा दोष बाल्कनीचा एमसीबी खाली केल्यावरही तसाच राहतो. बेडरूममध्ये इस्त्री लावली की तिचा परतीचा थोडा प्रवाह त्या ओल्या होल्डरमधून जमिनीत जातो, तफावत येते, आरसीसीबी पडतो आणि नवी कोरी इस्त्री बदनाम होते. खात्री करायची तर सगळ्या खोल्यांतले प्लग काढा आणि चांगला चाललेला टेबल लॅम्प किंवा इस्त्री दोन-तीन वेगवेगळ्या लाइनींवर लावून बघा. सगळीकडे पडत असेल तर उपकरणं निर्दोष आहेत, टप्पा ६ कडे जा.

५ इ. इन्व्हर्टर बसवल्यापासून पडतो. इन्व्हर्टर, नवीन खोली किंवा फर्निचरचं काम झाल्यावर त्रास सुरू झाला असेल तर न्यूट्रलची अदलाबदल झाली आहे असं धरून चाला. फेज आरसीसीबीच्या पुढून घेतला आणि न्यूट्रल मागून जोडला, की त्या लाइनचा सगळा प्रवाह आरसीसीबीला गळतीसारखा दिसतो. ९ वॅटचा एलईडी दिवासुद्धा सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे एक दिवा लावला तरी पडेल. एखाद्या खोलीत कोणताही दिवा लावताच आरसीसीबी पडणं ही याची पक्की खूण. घरात दोन आरसीसीबी असतील तर दोघांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले असण्याचीही शक्यता असते, तेव्हा ते वेगळे करून घ्या.

५ फ. सगळंच थोडं थोडं. एकेक उपकरण चांगलं, पण सगळी मिळून पडतात. संगणक, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांची प्रत्येकी एक-दोन मिलिअँपिअरची गळती नैसर्गिक असते. मोठ्या घरात ती मिळून १५ च्या पुढे गेली की आरसीसीबी काठावर येतो. इथे १०० मिलिअँपिअरचा लावणं चूक आहे, तो माणसाला वाचवत नाही. घराचे दोन भाग करून ३० चे दोन आरसीसीबी लावा, किंवा गिझर आणि वॉशिंग मशीनला स्वतंत्र आरसीबीओ द्या. इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनच्या लाइनींसाठी ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीपेक्षा (हे त्याच्या प्रकाराचं नाव आहे) ‘ए’ प्रकारचा घ्यावा.

## टप्पा ६: वायरमनकडून काय तपासून घ्यायचं

तोवर तुमच्याकडे नोंदीचा कागद आहे. ‘आरसीसीबी पडतो’ एवढंच न सांगता कोणती लाइन, किती मिनिटांनी आणि काय काढल्यावर थांबतो हे सांगा. डीबीचं झाकण मात्र परवानाधारक वायरमनच उघडेल.

१. मेन बंद करून प्रत्येक स्क्रू घट्ट करणे. वायरीचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवीन तांबं उघडं करणे. काळ्या टोकावर कितीही घट्ट आवळलं तरी ते पुन्हा तापतं.

२. आरसीसीबी बंद करून, सगळे प्लग काढून, न्यूट्रल पट्टी आणि अर्थ पट्टी यांच्यात मल्टिमीटरने रोध मोजणे. काही ओहम किंवा काही किलोओहम दिसले तर न्यूट्रल अर्थिंगला टेकलाय. मग पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवायचा. जो सोडवल्यावर आकडा एकदम खूप वाढतो ती लाइन दोषी.

३. मल्टिमीटरमध्ये काही न दिसल्यास मेगर (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) लावणे. मल्टिमीटर काही व्होल्टांवर मोजतो, मेगर ५०० व्होल्टांवर. ओलसर वायर पहिल्यात निर्दोष वाटते आणि दुसऱ्यात उघडी पडते. आकडा निदान १ मेगओहम हवा. मेगर लावण्याआधी एलईडी, रेग्युलेटर, इन्व्हर्टर अशी इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडलेली नाही ना ते बघा, नाहीतर ती जळेल.

४. एमसीबीवरच संशय असेल तर शेजारच्या तेवढ्याच अँपिअरच्या एमसीबीशी वायर अदलाबदल करणे. पडणं वायरीबरोबर गेलं तर दोष लाइनमध्ये, जुन्याच जागी राहिलं तर एमसीबी खराब. नवा विकत आणण्याआधी ही पाच मिनिटांची चाचणी करायला लावा.

## टप्पा ७: बदलायचाच असेल तर

तेवढ्याच अँपिअरचा, त्याच प्रतीचा आणि आयएसआय चिन्ह असलेला घ्या. आरसीसीबी घेताना एक गोष्ट हमखास चुकते. त्याला जास्त लोडपासून स्वतःचं संरक्षण नसतं, म्हणून त्याचा अँपिअरचा आकडा मेन एमसीबीइतका किंवा त्याहून जास्त हवा. ४० च्या मेनमागे २५ चा आरसीसीबी लावला तर तो न पडता आतून जळतो. मेन ४० चा तर आरसीसीबीही ४० चा, ३० मिलिअँपिअरचा.

काम झाल्यावर वायरमन जायच्या आत ‘टी’ बटण दाबा, मग गिझर, एसी आणि इंडक्शन एकत्र वीस मिनिटं चालवा. झाकण बंदच ठेवून डीबीच्या पत्र्याला बाहेरून हाताची पालथी बाजू लावा. कोमट ठीक, चटका लागता कामा नये.

घरातलं काहीच पडलेलं नाही आणि मीटरजवळचा ब्रेकर किंवा कटआउट जातो, तर तो वीज कंपनीचा आहे. सील तोडू नका. बिलावर ‘मंजूर भार’ किती किलोवॅट आहे ते बघा. जुन्या घरांत तो अनेकदा एक-दोन किलोवॅटच असतो, आणि एक एसी व एक गिझर मिळूनच साडेतीन किलोवॅटच्या पुढे जातात. भार वाढवून घेण्याचा अर्ज करा आणि तो मंजूर होईपर्यंत गिझर व एसी एकत्र लावू नका.